वस्तीवरचा रात्रीचा दिवा: कुठे लावावा, कुठे लावू नये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमची वस्ती पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, गावठाणापासून दीड किलोमीटर आत. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला सालाप्रमाणे कांदा नाहीतर गहू. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा पडवीत एक पिवळा बल्ब होता, तोही झोपताना बंद व्हायचा. आता आजूबाजूच्या बहुतेक वस्त्यांवर फोकस आहेत आणि ते दिवस उजाडेपर्यंत चालू असतात. बचत गटाच्या बैठकीत, लग्नकार्यात, फोनवर मला दिव्यांबद्दल जे विचारलं जातं ते इथं एकत्र लिहिलं आहे. मी वायरमन नाही आणि वनखात्यातही नाही. रात्री उठून गोठ्यात जाणारी बाई आहे, आणि दिव्यांची बरीच अदलाबदल करून पाहिली आहे.

बिबट्या लाईटला घाबरतो का?

घाबरतो असं धरून चालू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. इथले बिबटे उसात जन्मतात, उसात वाढतात. ट्रॅक्टरचे दिवे, मोटरसायकली, वस्तीवरचे बल्ब हे त्यांनी डोळे उघडल्यापासून पाहिलेलं असतं. मुंबईत आरे कॉलनीत तर इमारतींच्या झगमगाटाशेजारी बिबटे राहतात. बिबट्याला वस्तीकडे आणतात कुत्री, शेळ्या, कोंबड्या, उकिरड्यावर टाकलेलं खरकटं आणि मेलेली जनावरं. हे सगळं उघड्यावर असेल तर वर कितीही वॅटचा दिवा लावा, तो येणार.

आमच्याकडे गोठ्याच्या पत्र्यावर उसाकडे तोंड करून १०० वॅटचा फोकस होता. तीन वर्षं रोज रात्रभर चालला. त्या उजेडात समोरचा ऊस पानापानानिशी दिसायचा आणि आम्हाला वाटायचं, आता काळजी नाही. एका पहाटे शेळी गेली ती गोठ्याच्या मागच्या बाजूने. फोकस पुढे असल्यामुळे मागे गोठ्याची सावली पडायची, आणि ती सावली साध्या अंधारापेक्षा दाट असायची. मी त्या रात्री दोनदा ओट्यावर येऊन पाहिलं होतं. दिव्याकडे पाहून दिपलेल्या डोळ्यांना तिथलं काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ठसे पाहिले तर तो उजेडाच्या कडेकडेने चालत आला होता.

म्हणून आधी गोठा बंद करा: वरून छत, चारी बाजूंनी जाळी, खाली पायापर्यंत गेलेली, आणि दाराला कडी. घराभोवतीचं गवत आणि झुडपं काढा, ऊस घराला अगदी चिकटून लावू नका, तीस-चाळीस फूट मोकळं ठेवा. दिव्याचा विचार त्यानंतर. बिबट्या दिसला किंवा पिल्लं सापडली तर वनखात्याचा १९२६ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

मग गोठ्याला दिवा लावायचाच नाही का?

लावा, पण दाराशी आणि खाली तोंड करून. आत जाण्याआधी आत कोण आहे हे बाहेरून दिसलं पाहिजे, एवढ्यापुरता. बटण घराच्या भिंतीवर घ्या, म्हणजे अंधारात गोठ्यापर्यंत जाऊन बटण चाचपायला नको. जनावरांनाही रात्रभर डोळ्यावर लख्ख उजेड नको असतो. गाय निवांत बसून रवंथ करते ती अंधारात. व्यायला झालेली गाय असेल तेव्हा झिरोचा बल्ब पुरतो.

लुकलुकणारे दिवे मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

काही दिवस होतो. चिली देशात अल्पाका या लोकरीच्या जनावरांच्या कळपांभोवती असे दिवे लावून पाहिले तेव्हा पुमा (बिबट्यासारखं तिकडचं मोठं मांजर) लांब राहिले, कोल्हे मात्र येतच राहिले. आपल्याकडे रानडुकरांसाठी लोक लावतात, पण एकाच जागी रोज तोच दिवा लुकलुकत राहिला की डुकरं आठ-पंधरा दिवसांत सरावतात. लावायचाच असेल तर जागा आणि उंची बदलत राहा. आणि बंद गोठ्याच्या जोडीला म्हणून लावा, बंद गोठ्याऐवजी नको.

उजेडाला साप येतात असं म्हणतात. खरं आहे का?

साप उजेडासाठी येत नाही. पण उजेडाजवळ त्याचं जेवण जमतं, आणि त्यासाठी तो येतो.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पडवीतल्या बल्बखाली जरा बसून बघा. आधी पाखरं येतात. किड्याला आपली पाठ उजेडाकडे ठेवायची उपजत सवय असते. आभाळ जिकडे, तिकडे पाठ. बल्ब जवळ आला की त्याला आभाळाची दिशा कळेनाशी होते आणि तो घिरट्या घालत राहतो. अर्ध्या तासात भिंतीवर पाली जमतात, जमिनीवर भेक येतात. आमच्या पडवीत एक भेक होता, तो बरोबर बल्बच्या खाली, फरशीच्या फुटक्या कोपऱ्यात बसायचा आणि पडलेला प्रत्येक किडा जिभेने उचलायचा. दहा-बारा किड्यांनंतर थांबायचा, गळा हलवायचा, पुन्हा सुरू. सासूबाईंना त्याचं कौतुक होतं. एका सकाळी केरसुणी उचलली तर तिच्यामागे भिंतीला लागून मण्यार होती, काळीभोर, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघांच्या जोड्या. भेक त्या दिवसानंतर दिसला नाही.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावते, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घशाखाली काही उतरत नाही, तेव्हा लक्षात येतं. म्हणून झोपायच्या खोलीच्या दाराशी रात्रभर दिवा ठेवू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. घोणस आणि फुरसं हेही रात्रीचेच. चावलं तर मांत्रिक नको, कापणं-बांधणं नको. १०८ ला फोन करा आणि जिथं प्रतिविष आहे अशा दवाखान्यात थेट जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

विंचवाचं वेगळं आहे. जांभळ्या अतिनील उजेडाची छोटी बॅटरी मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. कोकणात किंवा दगडाच्या घरात राहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी आणि झोपण्याआधी खोलीचे कोपरे, चपला, सरपण पाहून घ्यावं. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, त्यामुळे किती जीव वाचले. पण दंश झालाच नाही तर बरं.

आम्हा बायकांना रात्री उठून संडासला जावं लागतं. म्हाताऱ्यांना दोनदा-तीनदा. अंधार कसा चालेल?

अंधारात कुणी जाऊ नये. अगदी निक्षून सांगते. उघड्यावर वाकून बसलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, आणि अंधारात पाय घोणसीवर पडतो. दिवे कमी करा असं मी म्हणते तेव्हा या वाटेवरचे दिवे कमी करा असं मला कधीच म्हणायचं नसतं. उलट बहुतेक वस्त्यांवर उसाकडे मोठा फोकस असतो आणि संडासच्या वाटेवर काहीच नसतं.

आम्ही असं केलं. दारापासून संडासपर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत. त्या वाटेवर तीन छोटे बल्ब, पाच-पाच वॅटचे, कमरेएवढ्या उंचीवर, वरून झाकलेले, उजेड फक्त जमिनीवर. बटण सासूबाईंच्या उशाशी, आणि दुसरं संडासच्या दाराशी. जिन्याला असतं तसं दोन्हीकडून चालू-बंद होणारं टू-वे कनेक्शन कुठलाही वायरमन करून देतो. त्या खाटेवरूनच वाट उजळतात, दार उघडण्याआधी खिडकीतून पाहून घेतात, मग उठतात. परत आल्या की बंद.

वाट सिमेंटची किंवा फरशीची करता आली तर उत्तम. नाही तर निदान पांढरी चुन्याची फक्की दोन्ही कडांना टाका. फिकट जमिनीवर साप थोड्या उजेडातही उठून दिसतो.

आणि हातात बॅटरी, मोबाईलची नव्हे. मोबाईलचा उजेड चार पावलांपुढे पसरून विरतो आणि हात अडकून पडतो. डोक्याला बांधायची बॅटरी असली तर एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली धरता येते.

पांढरा दिवा चांगला की पिवळा?

पिवळा. दुकानात खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. ६५०० लिहिलेला तो निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० लिहिलेला तो पिवळसर. किड्यांना निळा आणि अतिनील उजेड जास्त खेचतो. पिवळ्याला कमी किडे, म्हणून कमी भेक, म्हणून पुढचं सगळं कमी. दुकानदार बहुतेक वेळा पांढराच पुढे करतो, कारण तो जास्त लख्ख वाटतो. तुम्ही खोक्यावरचा आकडा बघून मागा.

किती वॅट लागतात? बिल किती येतं?

वाटेला पाच, दाराशी नऊ. याहून जास्त आम्हाला कुठेच लागलं नाही.

हिशोब सोपा आहे. १०० वॅटचा एलईडी फोकस रोज बारा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. जुना ५०० वॅटचा हॅलोजन असेल तर १८०. नऊ वॅटचा बल्ब रात्रभर ठेवला तरी सव्वातीन युनिटच्या आसपास, आणि बटण दाबून तासभरच लावला तर पाव युनिट. आमचे फोकस उतरवल्यावर जो फरक पडला त्यात गोठ्याची जाळी झाली.

दिव्याला टोपी कशी करायची?

तेलाच्या पंधरा लिटरच्या पत्र्याच्या डब्याची. डबा धुवून, वाळवून, तिरका कापा, म्हणजे एक बाजू लांब आणि एक आखूड राहते. लांब बाजू शेताकडे, आखूड वाटेकडे. कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडून घ्या, नाहीतर हात आणि वायर दोन्ही कापतात. वायर जिथून आत जाते तिथं रबराची गोल पट्टी बसवा. आतून काळा रंग दिला की उजेड इकडेतिकडे फाकत नाही. खालची बाजू पूर्ण उघडी ठेवा, कारण एलईडी बल्ब कोंडला की तापून लवकर जातो.

बसवून झालं की रात्री बांधावर जाऊन उभे राहा आणि घराकडे बघा. बल्ब स्वतः दिसला नाही पाहिजे, फक्त त्याखालची जमीन दिसली पाहिजे. बल्ब डोळ्यात येत असेल तर टोपी अजून खाली घ्या.

सेन्सरचे दिवे घ्यावेत का? आणि सोलर?

सेन्सरचा दिवा मला आवडतो, विशेषतः गोठ्याच्या मागच्या बाजूला. रात्रभर चालू असलेल्या दिव्याकडे कुणी लक्ष देत नाही. अचानक लागलेला दिवा घरातल्या माणसाला उठवतो. हा सेन्सर शरीराची ऊब हलली की ओळखतो. त्यामुळे कुत्रं, मांजर यांनाही लागतो, तेवढं सोसावं लागतं. सहा ते आठ फुटांवर बसवा, आणि वाट त्याच्या समोरून आडवी जाईल असा, कारण थेट त्याच्याकडे चालत येणारं त्याला उशिरा कळतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात हवा आणि अंग सारखंच तापलेलं असतं, तेव्हा तो जरा मंदावतो.

सोलर दिवा लाईट गेल्यावर उपयोगी पडतो, आणि आपल्याकडे लाईट जातेच. पण आषाढ-श्रावणात घाटाखाली किंवा घाटमाथ्यावर ऊन दिसत नाही, तेव्हा तो मध्यरात्रीच मान टाकतो. काच महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसा, धुळीने निम्मं काम जातं. बाहेरच्या कुठल्याही दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे त्यात धूळ जात नाही आणि पावसाचा मारा तो झेलतो.

शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असते तेव्हा पिकाला पाणी द्यायला जावंच लागतं. तेव्हा काय करावं?

खरा उपाय दिवसा लाईट मिळणं हाच आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली ती त्यासाठीच, आणि ज्यांच्या फीडरला, म्हणजे शेतीला लाईट देणाऱ्या लाइनला, दिवसा लाईट येऊ लागली त्यांच्या घरातल्या बायका आता निवांत झोपतात. ती प्रत्येक फीडरला मिळाली पाहिजे. भर थंडीत रात्री दोन वाजता नवऱ्याला गव्हात पाठवून झोप येत नाही, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच कळतं.

तोवर दोघांनी जा, एकट्याने नको. मोबाईलवर गाणी किंवा भजन मोठ्याने लावा, माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुतेक वेळा बाजूला होतो. डोक्याची बॅटरी चालताना पायाखाली, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून चारी बाजूंना. उजेड पडला की जनावराचे डोळे चमकतात. पायात गमबूट. दारं मोडताना, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवताना, वाकून बसू नका, लांब दांड्याचं फावडं वापरा. स्टार्टरच्या पेटीपाशी मात्र कायमचा छोटा दिवा हवा, पेटीत साप वेटोळं करून बसल्याचं आमच्या भागात नवीन नाही.

हुमणीसाठी (उसाची मुळं खाणारी अळी) प्रकाश सापळा लावतात, तो घराजवळ चालेल का?

घरापासून लांब लावा. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर बसतात. त्या झाडांजवळ एक बल्ब, खाली घमेल्यात पाणी आणि त्यात थोडं रॉकेल, एवढाच सापळा. सात ते दहा वाजेपर्यंत लावा आणि बंद करा. रात्रभर ठेवला तर मावा खाणारे क्रायसोपासारखे मित्रकीटकही त्यात पडतात आणि मारायला नको ते मरतं. सापळ्याच्या जोडीला फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले तर जास्त हाती लागतात. एकट्याने करून भागत नाही, साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात केलं तर पुढच्या उसात फरक दिसतो.

या एका कामासाठी उजेड शेतात लावावा असं मी सांगेन, आणि तोही वर्षातले मोजके दिवस.

दिव्याचा पिकावर परिणाम होतो का?

होतो, आणि हे लोकांना पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सोयाबीन, तूर, जुन्या भाताच्या जाती, शेवंती या पिकांना रात्र किती लांब आहे त्यावरून फुलायचं कळतं. रात्र मोठी होत गेली की ती फुलावर येतात. खांबावरच्या दिव्याखालचं सोयाबीन पाहा: बाकीचं रान पिवळं पडून पानगळ झालेली असते आणि दिव्याखालचा गोल पट्टा हिरवागार. तिथं रात्र झालीच नाही, म्हणून ते झाड अजून वाढतंच आहे. काढणीला तो पट्टा मागे राहतो.

हाच गुण लोक मुद्दाम वापरतातही. शेवंती बाजाराच्या हिशोबाने उशिरा फुलवायची तर रात्री दिवे लावतात. ड्रॅगन फ्रूटला उलट मोठा दिवस लागतो, म्हणून हिवाळ्यात बागेत दिव्यांच्या रांगा लावून बिगरहंगामी फळ घेतात. ती शेतीची गरज आहे, ठरलेले तास आणि ठरलेले आठवडे. त्याला माझा विरोध नाही. शेजाऱ्याच्या सोयाबीनवर जाणार नाही एवढं बघा.

आमच्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांच्यासाठी दिवा द्यावा का?

द्या. न मागता द्या. तोडणी सुरू झाली की बिबट्याचा आसरा रोज कमी होत जातो, तो जागा बदलत फिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत लहान मुलं झोपलेली असतात. कोप्या उसापासून लांब, मोकळ्या जागेत पडतील हे आधी बघा. एक खाली तोंड केलेला बल्ब कोप्यांच्या मध्ये, दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या, आणि बायकांसाठी आपल्या घरचा संडास खुला. अंधार पडल्यावर मुलांना पाणी आणायला किंवा दुकानाला पाठवू नका हे त्यांनाही सांगा आणि आपणही त्यांच्या मुलांकडून तशी कामं करून घेऊ नका.

आम्ही पुण्यात राहतो, फार्महाउसवर शनिवार-रविवार येतो. चोरीच्या भीतीने सगळे दिवे चालू ठेवतो. बरोबर आहे का?

सोमवार ते शुक्रवार रात्रंदिवस एकसारखे चालू दिवे पाहिले की साऱ्या शिवाराला कळतं, घरात कुणी नाही. चोराला कुलूप तोडायला उजेडही आयता मिळतो. फाटकाला आणि विहिरीवरच्या मोटरीला सेन्सरचा दिवा लावा. राखणदाराशी आणि शेजारच्या वस्तीशी संबंध ठेवा. अवेळी लागलेला दिवा पाहून हाक मारणारा शेजारी असेल तर ते सगळ्यात पक्कं कुलूप आहे. आणि कुंपणावर ओळीने लावलेले गोल गोळ्यासारखे दिवे कृपा करून काढा. त्यांचा निम्मा उजेड आभाळात आणि उरलेला आमच्या खिडकीत येतो.

पत्र्याच्या गोठ्यावर दिवा लावला, आता पत्र्याला शॉक येतो.

आधी मेन बंद करा, मग पुढचं वाचा. पत्र्याच्या कडेवर वायर घासून सोलली जाते, पावसात सगळा गोठा जिवंत होतो, आणि ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी असलेली गाय माणसापेक्षा लवकर जाते. वायर कायम पाइपातून घ्या, उंदीरही कुरतडत नाहीत. अर्थिंग खरंच जमिनीत आहे का, ते तपासून घ्या. ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवा. तो गळती होताच लाईट तोडतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात तो वारंवार पडायचा, वैतागून तो काढून टाकायचं चाललं होतं. वायरमन म्हणाला, ताई, तो पडतोय म्हणजे काम करतोय, आधी वायर बघू. वायर खरंच सोललेली होती.

डुकरांसाठी कुंपणात घरची लाईट सोडणं हा गुन्हा आहे, त्यात माणसं मेली आहेत. झटका मशीन वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो.

कोंबड्यांना रात्री दिवा लागतो ना?

अंड्यांच्या कोंबड्यांना दिवस धरून सोळा तास उजेड देतात. शेडच्या आत, ठरल्या वेळी. बाहेरच्या दिव्याशी त्याचा संबंध नाही. गावरान चार कोंबड्यांना काही लागत नाही, फक्त खुराडं घट्ट बंद करा.

आमचं घर समुद्राकाठी आहे.

मग समुद्राच्या बाजूचा दिवा विणीच्या काळात बंदच ठेवा. वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, गालजीबाग, आगोंद इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री वाळूतून निघतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. हजारो वर्षं तो उजळपणा पाण्याचा होता. तुमच्या ओट्यावर बल्ब असेल तर ती तुमच्या ओट्याकडे येतील.

काजवे पूर्वीसारखे दिसत नाहीत, ते दिव्यांमुळेच का?

फवारणी, तोडलेली झाडं, पेटवलेले डोंगर ही कारणं आहेतच, पण दिव्याचा वाटाही मोठा आहे. नर लुकलुकून मादीला साद घालतो, मादी उत्तर देते, आणि शेजारी फोकस असेल तर दोघांनाही एकमेकांचं दिसत नाही. भंडारदऱ्याकडे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, ऐन, सादडा यांच्यावर काजवे येतात. तिथं जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे आणि मोबाईल बंद ठेवावेत एवढी हात जोडून विनंती. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणजे तो शेतकऱ्याचाही सोबती आहे. आमच्या ओढ्याला फोकस उतरवल्यानंतरच्या दुसऱ्या जूनमध्ये दिसले. सात मोजले. पुढच्या वर्षी मोजायचं सोडून दिलं.

पंचायतीच्या खांबावरचा दिवा थेट आमच्या रानात आणि खिडकीत येतो. काय करता येईल?

ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, ग्रामसभेत विषय मांडा. ‘दिवा काढा’ असं म्हणू नका, कारण त्या वाटेने कुणीतरी चालतं. ‘दिवा खाली झुकवा आणि मागून पत्रा लावा’ असं मागा. आमच्याकडे या कामाला एक शिडी आणि अर्धा तास लागला.

याच दृष्टीने पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाचं काम पाहण्यासारखं आहे. तिथल्या गावांतले दिवे झाकून खाली वळवले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं अंधारं आभाळ राखणारं ठिकाण, ठरलं. आमच्या तालुक्याच्या डोंगरावर गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अंधार आहे म्हणून ती इथं बसवली. तो अंधार राखणं आपल्याही हातात आहे, हे मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा पोरांनी पहिल्यांदा वर बघितलं.

सगळे दिवे बंद केल्यावर भीती नाही वाटत?

पहिले आठ दिवस वाटली. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोकसच्या काळात ती वीस मिनिटं आम्हाला कधी मिळालीच नव्हती. आता जेवणं झाली की ओट्यावर बसतो. थोड्या वेळाने बांध दिसतो, मग विहिरीचं कठडं, मग उसाचा शेंडा वाऱ्याने हलतो की आणखी कशाने, तेही कळतं. पिंगळा पुन्हा यायला लागलाय, आंब्यावर बसतो. मामंजी रात्रपाळीचं पाणी घड्याळाशिवाय द्यायचे, ते मी ऐकून होते. आता त्यांनी नातवाला शिकवलं आहे. मार्गशीर्षात तिकांडं, म्हणजे मृगातल्या एका ओळीतल्या तीन चांदण्या, डोक्यावर आलं की मध्यरात्र. म्हातारीचं बाजलं, म्हणजे सप्तर्षी, वर चढायला लागलं की पहाट जवळ आली, दारं बदलून घ्यायची. परवा लाईट रात्री एकला आली. पोरगं उठून बाहेर गेलं, आभाळाकडे पाहिलं आणि आत येऊन म्हणालं, आजोबा, तिकांडं कलंडलंय, एक वाजून गेला. मामंजींनी काठी आणि बॅटरी उचलली, मी वाटेचं बटण दाबलं.